वेबपीची खोट 'क्रोमची' म्हणून नोंदवली, हे बरोबर होतं का?

माळरान:
६ सप्टेंबर २०२३ ला ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरंटो विद्यापीठाची सिटिझन लॅब यांनी गूगलला एक खोट कळवली. ती होती वेबपी (चित्रांचा एक फाइल-प्रकार) चित्रं उलगडणाऱ्या 'लिबवेबपी' लायब्ररीत, म्हणजे अनेक ॲप जो तयार कोड वापरतात त्यात. मुद्दाम बिघडवलेलं चित्र पानावर उघडलं की मेमरीत नको तिथे लिहिता येतं, मग हल्लेखोराचा कोड चालायला वाट मोकळी. ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, १२ ला फायरफॉक्सची. पण सुरक्षेतल्या खोटींना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत (सीव्हीई) नोंद झाली 'गूगल क्रोममधली' म्हणून! हीच लायब्ररी ॲन्ड्रॉइडमध्ये, आणि इलेक्ट्रॉनवर (क्रोमचाच गाभा वापरून डेस्कटॉप ॲप बनवायचा सांगाडा) बांधलेल्या स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल डेस्कटॉपमध्येही. लायब्ररीच्या नावाने वेगळा क्रमांक निघाला तो २५ सप्टेंबरला, गंभीरता १० पैकी १०. तोही पुढे 'जुनीच नोंद आहे' म्हणून रद्द. मला हा सरळ बेजबाबदारपणा वाटतो.

सातपुडा:
असहमत. हल्ले चालू असताना खोट नेमकी कुठेय याची दवंडी पिटायची? आधी कोट्यवधी लोकांचे ब्राउझर दुरुस्त होऊ देत, तपशील नंतर. शिवाय क्रोममध्ये हे काम सँडबॉक्सच्या, म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या कप्प्याच्या, आत चालतं. अख्खं मशीन ताब्यात घ्यायला आणखी एक खोट लागते. उगाच घबराट नको.

माळरान:
दवंडी पिटून झालीच होती की हो! दुरुस्तीचा कोड ७ तारखेलाच लायब्ररीच्या उघड रेपोत (कुणालाही वाचता येणाऱ्या कोडच्या साठ्यात) पडला. ज्याला हल्ला करायचाय तो ते वाचतोच. अंधारात राहिले ते फक्त बचाव करणारे.

पाटीपेन्सिल:
थोडं तांत्रिक. चित्रातले हफमन तक्ते (दाबून लहान केलेला डेटा उलगडायचे तक्ते, जे झाडासारख्या रचनेवरून बनतात) ठेवायला किती जागा लागेल ते आधीच मोजून ठेवलं होतं, ही झाडं नीट बांधलेली असतील असं धरून. झाड खरंच नीट आहे का, हे मात्र तक्ता भरता भरता कळायचं. चार तक्ते कमाल मापाचे द्या, पाचवा वेडावाकडा, की लिखाण हद्दीबाहेर. हा योग सहजासहजी जुळत नाही, म्हणूनच गूगलच्या स्वयंचलित फझिंगलाही (वेडावाकडा डेटा देऊन खोटी शोधायची चाचणी) तो वर्षानुवर्षं सापडला नाही. कोड लिहिणाऱ्याला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा ते फंक्शन वाचावंच.

उंबरठा:
आमच्या ऑफिसात तेव्हा 'क्रोम अपडेट करा' असा मेल आला, सगळ्यांनी केलं, विषय संपला. दिवसभर उघडं असणारं चॅटचं ॲप स्वतःचं क्रोमियम (क्रोमचा मूळ गाभा) पोटात घेऊन बसलंय, हे आयटीवाल्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना तरी काय बोलणार, नोंदीत क्रोमच लिहिलं होतं. माळरान यांना +१.

सातपुडा:
उंबरठा, तुमच्या आयटीकडे कुठल्या ॲपमध्ये कुठली लायब्ररी आहे याची यादी नसेल तर नोंदीत नाव बरोबर असूनही काय फरक पडला असता? ॲन्ड्रॉइडचंच बघा. दुरुस्ती ऑक्टोबरच्या सुरक्षा बुलेटिनमध्ये आली, पण ज्या जुन्या फोनांना कंपनीने अपडेट देणं बंद केलंय त्यांना ती मिळालीच नाही. खरं दुखणं ते आहे. नावावरून कसले भांडताय!

माळरान:
नावावरून भांडणारच. त्याच आठवड्यात सिटिझन लॅबने आयफोनवरच्या पेगॅसस (हेरगिरीचं सॉफ्टवेअर) हल्ल्याची माहिती दिली आणि ॲपलने स्वतःच्या चित्रं उघडणाऱ्या भागाला वेगळाच क्रमांक दिला. दोन्हींमागे एकच लायब्ररी असावी, हे जुळवलं बाहेरच्या संशोधकांनी. दोन्ही कंपन्यांना एक ओळ लिहायला काय जड होतं?