जुन्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाला टॅकोमीटर बसवायचाय, सिग्नल कुठून घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमचा हर्णैला ट्रॉलर आहे. इंजिन लेलँडचं सहा सिलिंडर, मरीन करून घेतलेलं, वडिलांच्या काळातलं. पाटीवर फुल लोडला २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), गिअर ३:१, म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पंख्याच्या शाफ्टचा एक. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ केलेत. सध्या पावसाळी मासेमारीबंदी आहे, बोट आंजर्ल्याच्या खाडीत घेतलीय. ३१ जुलैच्या आत हे काम उरकायचंय.

टॅको, म्हणजे आरपीएम दाखवणारा मीटर, कधी नव्हताच, बाबा कानावर चालवायचे. आता ते बोटीवर जात नाहीत. नवा तांडेल (बोट चालवणारा) जाणता आहे, पण या इंजिनाचा आवाज त्याला अजून ओळखीचा नाही.

खरी काळजी पंख्याची (प्रोपेलरची) आहे. गेल्या हंगामात पंखा बदलला, नव्याचं पिच (पात्यांचा तिरपेपणा) जास्त. तेव्हापासून जाळं ओढताना काळा धूर येतो. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर बघू, मला वाटतं पंखा जड पडतोय. आरपीएम दिसल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. जाळं नसताना फुल थ्रॉटलला इंजिन २००० च्या थोडं वर गेलं पाहिजे. १७०० लाच अडकलं, तर दोष बहुधा पंख्याचा. शिवाय पंख्याला लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाने वाढते. बंदराकडे परतताना २००० ऐवजी १८०० वर चाललं तर ताकद २७ टक्के कमी लागते. डिझेलचा परतावा मिळतो तो नंतर, टाकी आधी खिशातून भरावी लागते.

पेट्रोल गाडीचा टॅको इग्निशन कॉइलवरून चालतो. डिझेलला स्पार्कच नाही, त्यामुळे तो बाद. अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल मिळतो, पण माझ्या अल्टरनेटरला ते बाहेर काढलेलंच नाही. दापोलीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, खोलून डायोडच्या आधी स्टेटरच्या (आतल्या स्थिर गुंडाळीच्या) एका फेजला वायर सोल्डर करून देतो. काम स्वस्तातलं आहे. पण सगळं बेल्टवर अवलंबून. खाऱ्या पाण्याने बेल्ट घसरला की काटा खोटं बोलणार. दुसरा मार्ग फ्लायव्हीलच्या रिंग गिअरवर (इंजिनाच्या जड चाकाच्या दातेरी कड्यावर) मॅग्नेटिक सेन्सर. त्यासाठी हाउसिंगला भोक पाडावं लागेल, आणि तिथेच माझा हात अडतोय. इतक्या जुन्या बिडाला भोक पाडणं सुरक्षित आहे का? कोणी केलंय का?

प्रतिसाद

दादा, रिंग गिअरच घ्या. तिथे घसरायला काहीच नाही. भोक पाडलं म्हणून हाउसिंगला धोका नाही, फक्त बोल्टच्या बॉसपासून (बोल्ट बसतो त्या जाड भागापासून) आणि कडेपासून लांब पाडा. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस भरपूर लावा म्हणजे कीस आत पडणार नाही. राहिलेला चुंबकाने काढा.

सेन्सर बसवताना इंजिन हाताने फिरवून दाताचा माथा बरोबर भोकासमोर आणा. दोन दातांमधल्या खाचेत सेन्सर टेकवलात तर पहिल्याच स्टार्टला टोक तुटेल. हाताने दाताला टेकेपर्यंत आवळा, मग अर्धा आटा मागे घ्या. दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असेल तर पाऊण मिलिमीटर फट मिळते, तेवढी पुरते. चेकनट लावा.

रिंग गिअरचे दात खडूची खूण करून दोनदा मोजा. समजा १२० निघाले, तर १५०० आरपीएमला सेकंदाला ३००० पल्स येतात. दातांची संख्या सेट करता येईल असाच मीटर घ्या, तोही २४ व्होल्टवर चालणारा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. पण पंख्याचा निकाल लावायला मीटर बसेपर्यंत थांबू नका. लेझर टॅको आणा, शाफ्टवर चमकणारी पट्टी चिकटवा आणि येईल त्या आकड्याला ३ ने गुणा. शाफ्टला ६६७ म्हणजे इंजिन २०००. बोट पाण्यात गेली की पहिल्याच दिवशी कळेल, आणि नंतर नव्या मीटरचा काटाही त्याच्याशी ताडून बघता येईल.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, साध्या तांब्याला खारं वारं हिरवं करतं. सेन्सरची वायर शील्डवाली हवी, आणि शील्ड मीटरच्या बाजूलाच अर्थ करा, दोन्हीकडे नको.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लेझर टॅको आधी घेतो. एकच विचारतो: स्टार्टरच्या बाजूला खाली मोकळी जागा आहे, तिथे भोक पाडू का?

प्रतिसाद

खाली नको दादा. बोटीच्या तळातलं पाणी आणि ऑइल तिथे उडतं, कनेक्टर सडेल. मधल्या रेषेच्या वर, हात पोचेल अशी जागा बघा. जागेचा फोटो टाका, मग ड्रिल लावा.