टेकडीवरच्या आडवाटा: तुमच्याही आठवणी लिहा

आज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नवरंग पक्षी दिसला म्हणून लिहायला घेतलं. कांचन गल्लीतून वर गेलं की मळलेली वाट सोडून झाडीत शिरणारी एक बारीक वाट आहे, तिथे दहा पावलांवर पाचोळ्यात पानं उलटून गांडुळं शोधत होता, आखूड शेपूट सारखी वरखाली, शेपटीखालचा तो लालभडक रंग. हा पक्षी मी लहानपणापासून फक्त ऐकत आलेय. जूनचा पाऊस पडला की बाबा रविवारी अंधारात उठवायचे, चल पाहुणा आला असेल म्हणायचे, आणि ती दोन सुरांची शीळ आली की दंड धरून थांबवायचे. शंभर आकडे मनात मोजायचे, मगच हलायचं. कधी दिसला नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आज मी मोजायला लागले, सत्तरीत कुठेतरी तो उडाला, तरी शंभर पूर्ण केले.

सिंहगड राजगडवर सगळेच लिहितात. पुण्यातल्या आणि आसपासच्या, फारसं कोणाला माहीत नसलेल्या वाटांवरचं लिहा ना.

पायवाट
बाबांचं वाचून डोळे भरले गं. आमची हनुमान टेकडी, फर्ग्युसनच्या मागची. होस्टेलवरून पाच मिनिटांत वर, पुड्यात दाणे, हातात नोट्स. तिथे एक दगडी स्तंभ आहे त्याला टेकून आम्ही दोन वर्षं अभ्यास केला आणि तिसऱ्या वर्षी कधीतरी समजलं की गोखल्यांनी 12 जून 1905 ला भारत सेवक समाज स्थापन केला त्याची ती खूण. त्या दिवशी सगळे जरा सरळ बसलो होतो. आता मुलाला घेऊन जाते, त्यालाही आधी तिथेच नेलं.

कात्रजकर
कात्रज ते सिंहगड, पौर्णिमेची रात्र. जुन्या बोगद्यावरच्या वाघजाईपासून सुरू केलं, तेरा टेकड्या म्हणतात, सातवीनंतर मी मोजणं सोडून दिलं कारण एक उतरलो की समोर दुसरी तेवढीच उभी. चढ नाही त्रास देत, उतारावरचा घसारा देतो, मुरूम पायाखालून सरकतो आणि धरायला वाळलेल्या गवताशिवाय काही नाही. वाटेत पाणी नाही, माणशी तीन लिटर तरी घ्याच. मैत्रिणीच्या बुटाचा सोल पाचव्या टेकडीवर अख्खा निघाला, तिने ओढणी फाडून गुंडाळली आणि सकाळी कोंढणपूर फाट्यावर आमच्या आधी पोचून चहा सांगून बसली होती!!

मोरपीस
@कात्रजकर कपाटात वर्षभर पडलेल्या बुटाचं असंच होतं, गोंद मरतो. ट्रेकच्या आधी आठवडाभर बाजारात वगैरे घालून हिंडायचं, सुटायचा तर तिथेच सुटेल.

कात्रजकर
हो ना. आता बॅगेत सुतळी असतेच.

रानजाई
ताई नवरंग कुठल्या झाडीत होता, गिरिपुष्पात का? मला त्या झाडाचा फार राग येतो. सगळ्या टेकड्यांवर तेच लावून ठेवलंय, त्याच्याखाली गवत नीट येत नाही. खडकाळ उतारावर साळईची जुनी झाडं आहेत ती बघा एकदा, साल कागदासारखी सुटते आणि चीक निघतो त्याचा वास धुपासारखा. श्रावणात गेलात तर कातळावर आभाळी आणि केना, पुढे तेरडा, मग सोनकी. पाय जपून टाका, फुलं बोटाच्या पेराएवढी असतात.

पौडरोड
2023 च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला त्यात आम्ही तीन पिढ्या चाललो. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीला लागून नेणार होते म्हणून. सासूबाई कधी मोर्चात गेलेल्या नाहीत, म्हणाल्या माझी सकाळ घेतायत का हे. बस. कुकर झालाय, नंतर लिहिते.

नदीपल्याड
मी डब्लिनला. आईचं घर तळजाई टेकडीच्या पायथ्याशी, सकाळी व्हिडिओ कॉल लावला की मागून मोर ओरडतो आणि आई म्हणते थांब हा संपू दे. काल दोघंही एकदम बोलत होते. काही सुचेना मला.

मोरपीस
@नदीपल्याड 🥺 दिवाळीत या, पाचगाव पर्वतीच्या वनविहारात जाऊ.

आजोळ
लोकलने बेगडेवाडीला उतरून घोराडेश्वर करा कोणीतरी. तासाभरात वर. बौद्ध लेणी, आत आता महादेव, आणि उन्हाळ्यातसुद्धा आत गेलं की घाम जागच्या जागी गार. महाशिवरात्र सोडून जा, त्या दिवशी यात्रा असते.

सायली७८
एकट्या बाईने जावं का वेताळला? माझ्या गळ्यातली साखळी एकदा तिन्हीसांजेला अशाच आडवाटेवर ओढलीय, नंतर पाच वर्षं गेले नाही. आता पुन्हा जायचंय.

रानजाई
@सायली७८ दोघीतिघी मिळून, उजाडल्यावर, दागिना घरी. संध्याकाळी मळलेल्या वाटेवरच. पण जाच. पाच वर्षं फार झाली.

बाणेरचा
उन्हाळ्यात आमच्याकडे टेकडीवर प्रत्येक जण पाच लिटरचा कॅन घेऊन चढतो, आपलं रोप ठरलेलं. माझा कडुनिंब माझ्या खांद्याला आला. मागच्या फेब्रुवारीत वणवा लागला, फांद्यांनी झोडपत विझवला, शेजारचं वडाचं रोप गेलं. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, वेळेवर काढली असती तर वाचलं असतं, हे लागलंय मनाला. कॅन आता दोन नेतो.

पौडरोड
आले. सासूबाई विचारतायत नवरंगचा आवाज कसा असतो.

(मूळ लेखिका)
@पौडरोड व्हीट-ट्यू. दुसरा सूर खाली येतो. @सायली७८ येत्या रविवारी माझ्याबरोबर चला, घ्यायला येते. @पौडरोड तुमच्या सासूबाईंना, आजींनाही आणा.

सायली७८
येते. खरंच येते. किती वाजता?

पौडरोड
आजी तयार. गुडघ्यांचं बघावं लागेल, कांचन गल्ली का पंचवटीकडून? पोहे मी आणते.

(मूळ लेखिका)
कांचन गल्ली, सावकाश चढू. सहाला पोचा, ऊन चढलं की तो गप्प होतो.