ल्युपस: स्टिरॉइड थांबवून काढा सुरू करावा का?

प्रश्न (देवगड)
माझ्या धाकट्या बहिणीला, वय २७, गेल्या वर्षी ल्युपसचे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराचे, निदान झाले. रोज २०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू आहे. सांधेदुखी बरीच उतरली. मात्र आंब्याच्या हंगामात बागेत जाऊन आल्यावर गालांवर पुन्हा लाल चट्टे उठले. स्टिरॉइडने तिचा चेहरा सुजला आहे, तेव्हा ते थांबवून गुळवेल आणि अश्वगंधेचा काढा द्यावा, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. दोन्ही उपचार एकत्र चालतील का?

उत्तर (रत्नागिरी)
ताई, कृपा करून स्टिरॉइड एकाएकी थांबवू नका. ते दीर्घकाळ घेतल्यावर शरीराची स्वतःची कॉर्टिसोलनिर्मिती (नैसर्गिक स्टिरॉइड संप्रेरक) मंदावते, आणि गोळी अचानक बंद झाली तर रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. मला हा आजार होऊन ९ वर्षे झाली. दुसऱ्या वर्षी बरे वाटू लागले म्हणून मी सगळ्या गोळ्या सोडून केवळ काढ्यावर राहिले. चार महिन्यांनी पावले सुजली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि बायोप्सीत मूत्रपिंडाचा दाह आढळला. तो दाह दुखत नाही, त्यामुळे मला काहीच कळले नव्हते. आज मी मायकोफिनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेते. बहिणीला बागेत जाणे भाग असेल तर सकाळी लवकर, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन लावून जाऊ द्या. ऊन हे ल्युपस उसळण्याचे ठरलेले कारण आहे.

उत्तर (चिपळूण)
मी आयुर्वेदाचा पदवीधर असून याच शास्त्रावर माझी उपजीविका आहे, तरीही या रुग्णेला गुळवेल देणार नाही. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी नसते, ती स्वतःच्याच पेशींवर उलटलेली असते. तिला चेतवणारी औषधी येथे उपकारक ठरेल असे मानता येत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताचा दाह झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले आहे. अश्वगंधेबाबतही हीच सावधगिरी हवी. पारा किंवा शिसे असू शकणारे रसकल्प (धातू-खनिजांची आयुर्वेदिक औषधे) तर मूत्रपिंडाच्या भीतीने टाळावेतच. हळदीविषयी थोडा आधार आहे: २०१२ साली इराणमधील २४ रुग्णांच्या चाचणीत ५०० मिलिग्रॅम हळद दिवसातून ३ वेळा, ३ महिने दिल्यावर लघवीतील प्रथिने घटली. चाचणी लहान होती, आणि त्या रुग्णांची मूळ औषधे बंद केलेली नव्हती. थकव्यासाठी रोजचे चालणे, सौम्य योगासने आणि पुरेशी झोप मी आवर्जून सुचवतो.

प्रश्नकर्ती
आपण दोघांनी वेळ दिलात, आभारी आहे. काढा आणलेला नाही. पुढच्या भेटीत लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून त्याची तपासणी यांविषयी विचारेन, आणि स्टिरॉइडची मात्रा कधी उतरवता येईल हे आईच्या समोरच डॉक्टरांना सांगायला लावेन.