कमी पैशात मुंबई बघा, पण नातेवाइकांच्या जिवावर नको

वडगावकर, बेळगाव

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडं घरोघरी बेत होतो, यंदा पोरांना मुंबई दाखवायची. रिझर्व्हेशन कधी उघडतंय ते बघतात, काय काय बघायचं ते पोरं वहीत लिहून ठेवतात, आणि राहायचं कुठं म्हटलं की एका वाक्यात विषय संपतो: "डोंबिवलीला आत्तीकडं उतरू की, लॉजला कशाला पैसे घालायचे?"

मला हे पटत नाही. मुंबईत महाग असते ती जागा. बाकीची मुंबई आपल्यासारख्यांना परवडते. लोकलचं सेकंड क्लासचं कमीत कमी तिकीट आजही ५ रुपये आहे. बेस्ट बसचं मे २०२५ मध्ये ५ चं १० झालं, तरी ते बेळगावच्या रिक्षापेक्षा स्वस्तच. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायला, जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रं बघायला, फोर्टातल्या दगडी इमारती बघत हिंडायला, बाणगंगेच्या पायऱ्या उतरायला कोण पैसे मागत नाही. म्हणजे जे स्वस्त आहे ते आपण आपल्या पैशानं घेतो, आणि जी एकच गोष्ट खरोखर महाग आहे, रात्री पाठ टेकायची जागा, ती आत्तीच्या सुनेकडून फुकट घेतो. मग गल्लीत येऊन सांगतो, चौघं जाऊन आलो, काहीच खर्च आला नाही. खर्च आला की! तो दुसऱ्यानं सोसला.

माझं म्हणणं असं की पैसे कमी असतील तर दिवस कमी करा, जागा मागू नका. रात्रीच्या गाडीनं बेळगाव सोडायचं, सकाळी दादरला उतरायचं, सामान कुलूप लावून क्लोकरूममध्ये ठेवायचं आणि दिवसभर हिंडायचं. रात्री दादरहून सुटणारी पुदुच्चेरीची, तिरुनेलवेलीची किंवा म्हैसूरची गाडी, त्या वाराला जी असेल ती, बेळगाववरूनच जाते. दोन्ही रात्री गाडीत जातात, लॉजचा प्रश्नच येत नाही. एक मुक्काम लागलाच तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूम आहेत, कन्फर्म तिकिटावर मिळतात, काही ठिकाणी डॉर्मिटरीही असते. लवकर बघायला लागतं, एवढंच.

निपाणीकर मास्तर

वडगावकर, तुमचा हिशेब वहीत बरोबर आहे, पण माणसांत तो चालत नाही.

मी जुन्या काळचा माणूस. गिरण्या चालू होत्या तेव्हा आपल्या भागातली माणसं, चंदगड-आजऱ्याकडची, गडहिंग्लजची, आपल्याकडची, लालबाग-परळात एकेका खोलीत दाटीनं राहायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडं. गावातून नवा पोरगा वळकटी घेऊन आला तर त्याला कोण विचारत नव्हतं, किती दिवस राहणार म्हणून. १९८२ च्या संपानंतर ते सगळं मोडलं. पण त्या खोल्यांनी आपल्या कितीतरी घरांवर कौलं चढवली. मुंबईत आपलं माणूस असणं म्हणजे काय, हे आम्ही तिथं शिकलो.

आणि आत्तीची सून, आत्तीची सून म्हणताय, तर तीच माणसं मे महिन्यात आणि यात्रेला पोराबाळांसह आपल्याकडं येऊन राहतात की नाही? आंबे, फणस, अंगणात झोपणं, सगळं होतं. तेव्हा आपण मोजत बसतो काय? बहिणीच्या गावात जाऊन लॉजमध्ये उतरलो असं कळलं तर माझी बहीण वर्षभर बोलणार नाही. तिला ते अपमानाचं वाटेल, आणि बरोबरच वाटेल.

खानापूरवाला

मास्तरांना शंभर टक्के अनुमोदन. नाती वापरली नाहीत तर गंजतात.

वडगावकर, बेळगाव

मास्तर, तुम्ही ज्या खोल्यांचं सांगताय त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, माझे चुलते अशाच खोलीत राहिले. पण तिथं राहणारा प्रत्येक जण महिन्याला आपला वाटा देत होता. नवा पोरगा फुकट राहायचा तो काम लागेपर्यंत, नंतर तोही वाटेकरी व्हायचा. तो पोटासाठी आलेला माणूस होता. आपण जातो ते राणीबाग बघायला. दोन्हींना एकाच हक्कानं दार उघडायला लावणं बरोबर नाही.

परतफेडीचंही तसंच. आपल्या घरात परसू आहे, सोपा आहे, माडी आहे. दहा माणसं आली तर चार चटया जास्त घालतो. त्यांच्याकडं एका खोलीत चौघं आणि मोरीला पडदा. माणसं तेवढीच, पण त्यांना पडणारा भार वेगळा.

दिव्याची वैनी

माहेर बेळगाव तालुक्यातलं, लग्न होऊन ठाण्याजवळच्या दिव्याला आले. आजवर नुसती वाचत होते, पण ही चर्चा माझ्याच घराबद्दल चाललीय असं वाटलं म्हणून लिहिते.

आमच्याकडं पाणी ठरलेल्या वेळेला येतं. त्या वेळेत भांडी, धुणं, सगळ्यांच्या अंघोळी आणि दुसऱ्या दिवसापर्यंतचा साठा, सगळं उरकावं लागतं. मिस्टरांची पाळी बदलती, ते कधी सकाळी येऊन झोपतात. पाहुणे आले की त्यांची झोप जाते. मुलगी दहावीला होती त्या वर्षी ती शेजारणीकडं अभ्यासाला बसायची, कारण घरात पाहुणे. मी पाहुण्यांना कधी तसं दाखवलं नाही. माहेरची माणसं आली की मला आनंदच होतो, कुंदा आणि भाजलेल्या शेंगा घेऊन कोण दारात उभं राहिलं तर डोळे भरून येतात, हे खोटं नाही.

पण फोन कधी येतो? "वैनी, गाडीत बसलो, सकाळी पोचतो." त्यावर मी काय उत्तर देणार? नाही म्हणायला जागाच ठेवलेली नसते. मास्तर म्हणतात बहिणीला अपमान वाटेल. मास्तर, तुम्ही बहिणीला कधी विचारलंत काय, की तिला सुनेच्या घरात तुम्हाला उतरवताना काय काय सांभाळावं लागतं? घर आता तिच्या एकटीचं राहिलेलं नसतं.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते, ती कोण बोलत नाही. आमच्याकडं उतरून मुंबई स्वस्त पडत नाही हो. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर, बदलापूर ६८, तिकडं विरार चर्चगेटपासून ६०. सकाळी लोकलमध्ये लहान पोरांना घेऊन चढताच येत नाही, म्हणून गर्दी ओसरेपर्यंत घरात बसायचं. संध्याकाळी गर्दी व्हायच्या आत परतायचं. मधले चार-पाच तास मिळतात, त्यात गेटवे बघायचं का म्युझियम? तीन दिवस राहून माणसं एक दिवसाचं बघून जातात.

कॉलेज रोड

वैनी, मनापासून लिहिलंत. मला वाटतं दोन्ही टाळता येतं. मुंबईत धर्मशाळा भरपूर आहेत. दादरला गाडगे महाराजांची आहे, परळला आणखी आहेत. अगदी थोड्या पैशात सोय होते. ओळखीनं जागा मिळते असं ऐकलंय. लॉज नको, नातेवाईक नको.

येळ्ळूरचा

कॉलेज रोड, हे कृपा करून कुणाला सुचवू नका. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहे. टाटा हॉस्पिटलात बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, सगळीकडून माणसं जातात. केमो एका दिवसात संपत नाही, महिनोन्महिने फेऱ्या असतात, आणि जागा न मिळालेले लोक परळच्या फुटपाथवर प्लास्टिक टाकून राहतात. मी घरच्या आजारपणात ते बघून आलोय. तिथल्या एका खाटेवर ओळखीनं मुंबई बघायला आलेला माणूस झोपला तर एक रुग्ण रस्त्यावर जातो. याच्यापेक्षा मास्तरांची बहीण शंभर पटीनं बरी. वडगावकरांचा मुद्दा मला अर्धाच पटतो, पण "खर्च दुसऱ्यानं सोसला" हे वाक्य इथं पुरेपूर लागू पडतं.

कॉलेज रोड

रुग्णांसाठी राखीव असते हे ठाऊक नव्हतं. ती सूचना मागं घेतो.

निपाणीची ताई

मला वडगावकरांशी भांडायचंय. दोन रात्री गाडीत आणि दिवसभर पायी, हे पंचवीस वर्षांच्या पोरांना ठीक. माझ्या आईचे गुडघे गेलेत. तिनं जन्मात मुंबई बघितली नाही, आता नाही तर कधी बघणार? आम्ही दोघीच जाणार. सकाळी उतरून रात्रीपर्यंत अंघोळ नाही, आडवं व्हायला जागा नाही, पुन्हा रात्री गाडी, असं केलं तर ती आजारी पडेल. स्वस्तातल्या लॉजमध्ये दोन बायकांनी उतरायचं म्हटलं तर दाराची कडी कशी आहे इथपासून विचार करावा लागतो. पुरुष माणसाला "जागा मागू नका" म्हणणं सोपं आहे. आम्हाला मावशीचं घर म्हणजे पैसे वाचवण्याची युक्ती नव्हे, रात्री निर्धास्त झोप लागण्याची जागा आहे.

प्रवासाचं म्हणाल तर आम्ही बायका तुमच्याहून स्वस्तात जाऊ. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत साध्या बसला तिकीट नाही, आणि मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट. फक्त हद्द ओलांडताना बस बघून बसायचं, कारण आंतरराज्य बसला शक्ती चालत नाही. कोल्हापुरात पोचलं की एसटी नाहीतर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी थेट सीएसएमटी.

वडगावकर, बेळगाव

ताई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आई बरोबर असताना आणि दोघीच असताना माझा बेत लागू होत नाही. पण मी चौघा-पाचांच्या धडधाकट कुटुंबांबद्दल बोलत होतो, जी लॉजचे पैसे असताना देत नाहीत आणि तेच पैसे येताना कपड्यांच्या खरेदीत घालतात. तुम्ही मावशीकडं जाताना महिनाभर आधी विचारा, एवढंच मागणं. आणि वैनींनी सांगितलेलं पाणी, पाळी, पोरांची परीक्षा हे विचारूनच तारीख धरा.

आईच्या गुडघ्यांसाठी एक सुचवतो. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झालीय. तिकीट १० ते ७०. लोकलपेक्षा महाग, पण लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, लोकलसारखी रेटारेटी नाही. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट सगळी एकाच ओळीत. पैसे वाचवायचे म्हणून आईला लोकलच्या पुलांवरून चढवू-उतरवू नका.

येळ्ळूरचा

त्याच मेट्रोवर हुतात्मा चौक नावाचंच स्टेशन आहे. तिथं आईला घेऊन नक्की उतरा, ताई. आपण बेळगावात १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो, १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांना. निपाणीनंही त्या लढ्यात माणूस दिलाय. संयुक्त महाराष्ट्रासाठी जे गेले त्यांची आठवण म्हणून तो चौक आहे, आणि आपण महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसं तिथं उभी राहतो तेव्हा जे वाटतं ते गेटवेसमोर वाटत नाही. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, रांग नाही.

निपाणीकर मास्तर

वैनींचं वाचून मी दिवसभर विचार करत होतो. वैनी, तुमचं खरं आहे, न विचारता जाणं चूक. यापुढं मी आधी फोन करीन, सुनेशीच बोलीन. पण मी उतरणार बहिणीकडंच. वडगावकरांचं ऐकून सगळेच लॉजमध्ये उतरायला लागले तर आणखी एका पिढीनं मुंबईतल्या भावंडांना फक्त लग्नाच्या मांडवात ओळखायचं. मराठी बोलणारं आपलं कोण तिकडं आहे, आणि तिकडच्यांचं कोण इकडं सीमेवर आहे, हे पोरांना एका ताटात जेवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी थोडी अडचण दोघांनी सोसायला हरकत नाही. आणि तिथं राहतोय तोवर भाजी, दूध, गॅस माझ्याकडून. हे मी आधीपासून करतो, पण इथं लिहिलं नव्हतं.

वडगावकर, बेळगाव

मास्तर, मग भेटायला जा की! एक दुपार जेवायला जा, पोरांना घेऊन जा. रात्रीचा मुक्काम तेवढा वेगळा ठेवा. भेट आणि मुक्काम एकच आहे असं तुम्ही धरताय, तिथंच आपलं जुळत नाही.

निपाणीकर मास्तर

रात्री दिवे मालवल्यावर ज्या गप्पा होतात त्या दुपारच्या जेवणात होत नाहीत, वडगावकर. नाहीच पटत.

दिव्याची वैनी

मास्तर, गॅसचं बोललात तेवढ्यानंच बरं वाटलं. ताई, तुम्ही मावशीकडं उतरा, पण सोमवार आणि बुधवार बघून बेत करा. घारापुरी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, म्हणजे आतली कान्हेरीची लेणीही बंद. राणीबाग आणि तिथलंच भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी बंद. आणि दादरला प्लॅटफॉर्मचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदललेत, आता पश्चिम आणि मध्य मिळून सलग १ ते १४ आहेत. जुन्या माणसानं "एक नंबरवर थांबा" म्हटलं तर आधी विचारून घ्या, पश्चिमचा का मध्यचा.

निपाणीची ताई

लिहून घेतलं वैनी. मावशीला आजच फोन करते, परीक्षा कधी संपतात ते विचारून मगच तिकीट काढते.