किरण गळू नयेत म्हणून

मुलं मातीचा मेक्सिकन सूर्य करतात, म्हणजे भोवती किरण असलेला सूर्याचा चेहरा. वाळल्यावर त्याचे किरण गळतात, तेव्हा फेविकॉल लावावा असं कुणी सुचवतं, ते मला पटलं नाही. माती ओली असतानाच किरण आणि चेहरा जिथे जोडायचा त्या दोन्ही कडांवर काट्याने रेघोट्या मारायच्या, पातळ चिखल लावायचा, किरण दाबून बसवायचा आणि सांध्यावरून ओलं बोट फिरवायचं. लेकीचे सोळाच्या सोळा किरण असे टिकले.

आणि मुलांना आधी गोष्ट सांगा. मेक्सिको सिटीत १७९० साली सापडलेल्या, तिथल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांनी कोरलेल्या सूर्यशिळेवर मधल्या चेहऱ्याची जीभ सुरीसारखी बाहेर आलीय. भोवतीच्या चार चौकटी म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे आधी नष्ट झालेले चार सूर्य, म्हणजे चार युगं: जग्वार, वारा, अग्निवर्षाव, पाणी. लेकीने जग्वारच निवडला, रिकाम्या रिफिलने एकेक ठिपका टोचत बसली होती.