ओला कचरा आम्हीच जिरवायचा, मग कर कशाचा घेता?

वैतागलेला_धायरीकर
परवा इथं एकानं लिहिलं, "पुण्यातली जी सोसायटी ओला कचरा आवारात जिरवत नाही तिचं पाणी तोडा. जागा नाही ही शुद्ध पळवाट." खाली सगळ्यांची वाहवा. म्हणून जरा मोजूनच दाखवतो.

चार माणसांच्या घरात रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. ८० फ्लॅटांचा ५० किलो धरा. ४ बाय ३ बाय ३ फुटांचा जाळीदार विटांचा हौद, कोरडा पाला मिसळून, आठेक दिवसांत काठोकाठ भरतो. पुढं पिकायला ४० दिवस. म्हणजे सहा हौद, मधे फावडं फिरेल एवढी वाट, वर पत्रा. दीडशे चौरस फूट गेलेच. जिथं स्कूटर जिन्याखाली लावाव्या लागतात तिथं हे बसवायचं कुठं? मिळकतकर घ्यायचा, दारोदार कचरा नेणाऱ्या ताईंचे महिन्याचे पैसे वेगळे, वर खतही आम्हीच करायचं. घनकचरा विभाग काय नुसत्या भिंती रंगवणार?

पालापाचोळा
हिशोब बरोबर आहे हो, पण रडगाणं चुकीच्या दारात गाताय. २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमांत ही जबाबदारी कुणावर टाकली होती? रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना 'मोठे' धरलं, आणि ५,००० चौरस मीटरच्या वरच्या सोसायट्यांना. एवढ्या मोठ्या सोसायट्यांत क्लबहाउसला जागा निघते, पोहण्याच्या तलावाला निघते, हौदाला तेवढी निघत नाही.

वैतागलेला_धायरीकर
त्याच नियमात 'शक्य तितका' आवारात जिरवावा असंही होतं. तेवढं वाचायचं राहिलं वाटतं.

फुरसुंगीची_विहीर
तुम्ही दोघं 'शक्य'चा कीस पाडत बसा. तुमचा शिळा भात आणि कलिंगडाच्या साली प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून वर्षानुवर्षं आमच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोवर येत होत्या. गाठ मारलेल्या पिशवीत हवा जात नाही. आत नुसतं आंबून काळं पाणी निथळतं, जमिनीत मुरतं, विहिरीत उतरतं. वरून मिथेन सुटतो, उन्हाळ्यात ढीग आतून पेटतो. वरून कितीही पाणी मारा, आत धुमसतच राहतो. तुमचे दीडशे चौरस फूट महाग, आणि आमची शिवारं फुकट?

टेक_सेक्रेटरी
एवढा वाद कशाला? मशीन बसवा. २४ तासांत खत, वास नाही, जागा दोन कपाटांची. वर्गणी काढा, विषय संपला.

गांडूळमास्तर
याचीच वाट बघत होतो. २४ तासांत खत होत नाही! होतं ते वाळवण. मशीन कचरा चिरतं, तापवून त्यातलं पाणी उडवतं आणि तपकिरी भुगा देतं. ओल्या कचऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळं ५० किलोचे दहा-बारा किलो झाले की चेअरमन खूश. कुजणं झालेलंच नसतं. खात्री करायची असेल तर मूठभर भुगा काचेच्या बरणीत घ्या, मुठीत दाबल्यावर बोटांमधून थेंब येईल इतपत ओला करा, झाकण घट्ट लावा, तीन दिवसांनी उघडा. मातीचा वास आला तर खत. नाक मुरडलं तर कचराच, फक्त बारीक केलेला. हाच भुगा कुंडीत घातला की पाणी लागताच कुजायला लागतो, मातीतला नत्र ओढून घेतो, मुळाशी उष्णता धरतो. मग तुळस पिवळी पडली की माळ्याला शिव्या.

टेक_सेक्रेटरी
प्रयोगशाळेचा रिपोर्ट येतो मशीनसोबत. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं बसतं. पण तुम्हाला यंत्र दिसलं की पोटात दुखतं.

गांडूळमास्तर
नत्र, स्फुरद, पालाश मेथीच्या काड्यांतही असतं. काड्या विकता का खत म्हणून? विचारायचं असतं कर्ब-नत्राचं, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं, प्रमाण आणि खत पिकलंय का ते. सुरुवातीला साधारण २५-३० ला १ लागतं, पिकल्यावर २० च्या खाली यायला हवं. रिपोर्टात ती ओळ आहे का बघा आणि मग पोटदुखीवर बोला.

टेक_सेक्रेटरी
बरं. मशीनमधून काढून महिनाभर पाल्यात मुरवलं तर?

गांडूळमास्तर
तर होईल की खत. पण मग पुन्हा हौद आलाच ना! लाखांचं मशीन घेऊन तुम्ही फक्त भाजी चिरून घेतलीत.

चौथा_मजला
हौदाचं कौतुक पुरे. अळ्या वळवळत पार्किंगमध्ये येतात, चिलटं स्वयंपाकघरात, घुशी ड्रेनेजमध्ये. तळमजल्यावाल्यांनी खिडक्या बंद करून जगायचं का? पहिल्या पावसात सोसायटीची सभा भरते आणि हौद कायमचा बंद होतो, हे सगळीकडचं आहे.

गांडूळमास्तर
यातलं बरंचसं खरं आहे, कारण हौद बांधतात आणि चालवायला कुणी नसतं. अळ्या आल्या याचा अर्थ ओल जास्त, पाला कमी. जाड करड्या अळ्या असतील तर त्या चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट कचरा फस्त करतात. तरी नको असतील तर उघडं अन्न ठेवू नका. रोजच्या घमेल्यावर तेवढाच पाला आणि सगळ्यात वर चार बोटं जाड थर, माशीला अंडी घालायला जागाच उरत नाही. चुना टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडतो आणि नाकाला झोंबतो. घुशींसाठी तळाला आणि बाजूंना अर्ध्या इंचाची तारेची जाळी.

नाकानं ओळखायला शिका. झोंबणारा वास, पाला कमी. सडक्या अंड्याचा, हवा नाही; उकरून खालचं वर करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधे हात घातला तर चटका बसला पाहिजे, ५५ अंशांच्या पुढं. तापलंच नाही तर खतातून टोमॅटोची रोपं उगवतात, ते बी मेलेलं नसतं. पांढरी बुरशी दिसली की लोक घाबरतात. ती तर चांगली.

पालापाचोळा
पाला पाला म्हणताय, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यारस्त्यांवर त्याच पाल्याला सकाळी सहाला काडी लावतात त्याचं काय? जाळायला बंदी आहे, आणि जाळणारा झाडू बऱ्याचदा सरकारी असतो. नगरसेवक येतो, फोटो काढतो, 'हरित पुणे' म्हणतो, पाठीमागं धूर. यावर वेगळा धागा काढायला हवा.

वैतागलेला_धायरीकर
काढाच. आणि पाला आलाय तर माझा हिशोब पुढं ऐका. ५० किलोला रोज दोन पोती पाला. जून ते सप्टेंबर कोरडा पाला मिळत नाही, म्हणजे १२० दिवसांची २४० पोती उन्हाळ्यातच भरून ठेवायची. वखारीतला भुसा घ्या म्हणाल, तर आता निम्मा प्लायवूडचा, डिंक लागलेला. म्हणून म्हणतो, वॉर्डात एकच मोठा बायोगॅस प्रकल्प चालवा.

फुरसुंगीची_विहीर
बायोगॅसचं काय झालं बघितलंत? त्यात हाराचा नायलॉनचा दोरा, नारळाची शेंडी आणि दुधाची पिशवी गेली की पंप अडकतो. एका दिवसात दुप्पट माल ओतला की आत आंबट होतं, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला की गॅस बंद, पुन्हा शेणकाला घालून आठवडे थांबा. प्रकल्प बंद पडतो तो तुमच्या डब्यामुळं. वेगळं करून द्याल का आधी?

वैतागलेला_धायरीकर
वेगळं करतोच. डायपरवाले शेजारी करत नाहीत.

टेक_सेक्रेटरी
आणि सवलतीचं कुणी बोलत नाही. गांडूळखताचा प्रकल्प दाखवला की करात ५ टक्के, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणं जोडलं की १०.

चौथा_मजला
सर्वसाधारण करात, अख्ख्या बिलात नव्हे. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी हौदात विकतचं खत ओतलं जातं, तेही लिहा.

वैतागलेला_धायरीकर
ठीक आहे मास्तर, मशीनवर तुमचं पटलं, नाइलाजानं. हौदही एक वेळ बसवू. २४० पोती कुठं ठेवू?

गांडूळमास्तर
गच्चीवर. पाला हातानं चुरला की पोती निम्मी होतात. कांद्याची जाळीची पोती घ्या, प्लास्टिकच्या बंद पोत्यात पाला बुरसतो. खाली लाकडी फळ्या, वर ताडपत्री, बाजू उघड्या.

वैतागलेला_धायरीकर
गच्ची सातव्या मजल्यावर. लिफ्ट दिवसाआड बंद. रोज पोतं खाली कोण आणणार, हे 'शक्य तितका'मध्ये धरायचं ना?