गोल्फचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) जीव तोडून मारतो तरी बॉल १९० यार्डच्या पुढे जात नाही, काय चुकतंय?

मांजलपूरचा_मोरू:
नमस्कार मंडळी. वय ४७, जन्म बडोद्यातलाच, कॉलेजपर्यंत लेदर बॉलने क्रिकेट खेळलोय, दीड वर्षापासून गोल्फ लागलंय (हो, "लागलंय"च, बायको व्यसनच म्हणते). पॅलेसच्या कोर्सवर शनिवार-रविवार सकाळी असतो. आयर्न (लोखंडी डोक्याचे क्लब) बरे लागतात पण ड्रायव्हर हातात घेतला की बोंब. सगळी ताकद लावतो, दंड भरून येतात आणि बॉल १८०, फार तर १९० यार्ड, तेही उजवीकडे केळ्यासारखा वळून सरळ झाडीत, तिथली माकडं आता मला ओळखतात. माझ्याबरोबर एक काका असतात, ६३ वय, शरीर म्हणजे काडी, झोपेत मारल्यासारखा स्विंग आणि बॉल माझ्या ३० यार्ड पुढे! दुकानदाराने ९ डिग्री तिरप्या फेसचा (फेस म्हणजे बॉलला लागणारी बाजू), स्टिफ शाफ्टवाला म्हणजे कडक दांड्याचा ड्रायव्हर गळ्यात मारला, म्हणे साहेब प्रो लोक हाच वापरतात. आता जिम लावू, नवीन ड्रायव्हर घेऊ, की क्रिकेटचा हात बसलाय म्हणून हे सोडूनच देऊ?

तात्या_रावपुरा:
अरे मोरू, उत्तर तूच लिहिलंयस की, "झोपेत मारल्यासारखा".
लहानपणी वडिलांनी मला दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात घातलं होतं. मुद्गल (व्यायामाची जड लाकडी गदा) हातात आला की प्रत्येक नवा पोरगा तो हाताने ओढायला बघायचा आणि दहा फेऱ्यांत खांदा धरून बसायचा. जुना पैलवान तोच मुद्गल पाय रोवून, कंबरेतून नुसता सोडल्यासारखा फिरवायचा, अर्धा तास. तुझं ड्रायव्हरचं दुखणं हेच आहे. वरून खाली येताना पहिला दाब डाव्या पायावर, मग कंबर वळते, मग छाती, मग हात आणि क्लबचं डोकं सगळ्यात शेवटी, चाबकाच्या टोकासारखं. एक जण मंदावतो तेव्हा त्याचा वेग पुढच्याला मिळतो. तू घाई करून खांद्यापासून सुरू करतोस (पाहिलं नाहीये, पण पैज लावतो), मग क्लब बाहेरून आत कापत येतो, फेस उघडा राहतो, बॉल उजवीकडे. आणि अशा उजवीकडे वळणाऱ्या फटक्यात, म्हणजे स्लाइसमध्ये, अंतर पण जातं ने, बॉल नुसता फिरत बसतो.
एक कर. ड्रायव्हर उलटा धर, डोक्याकडून, आणि हवेत फिरव. सण्ण असा आवाज येईल, तो कुठे येतो ते ऐक. उजव्या खांद्याजवळ आला तर ताकद वरच संपली. बॉलच्या जागेला किंवा त्याच्या पुढे यायला हवा. रोज २०-२५ वेळा, गच्चीवर, घरात नको, ट्यूबलाइट फोडशील. ग्रिप पण सैल ठेव, आवळलेल्या मनगटाला वेग येत नाही.

फिजिओ_बडोदा:
मोरूदादा, तात्यांचं बरोबर आहे पण कंबर-छाती वेगळी वळायला आधी वळली तर पाहिजे! खुर्चीवर बसा, गुडघे जुळवून, खांद्यांवर आडवी काठी धरा आणि वळा. दोन्हीकडे ४५ अंश गेली तर ठीक. दिवसभर लॅपटॉपसमोर वाकून बसणाऱ्यांची बरगड्यांपाशी पाठ वळतच नाही, मग ते वळण कंबरेच्या मणक्यातून काढतात आणि माझ्या क्लिनिकचं भाडं निघतं. पाठ अडत असेल तर बॅकस्विंगला डावी टाच खुशाल उचला, काही पाप नाही. जिम लावाच, पण बायसेपसाठी नको, मांड्या आणि ढुंगणाचे स्नायू धरा, जमिनीला रेटा तेच देतात. आणि वॉर्मअप न करता १०० बॉल जोरात मारणं बंद.

सराफ्याचा_गण्या:
इंदूरहून. भिया, क्रिकेटवाल्याचा घोळ मी सांगतो, मीही भोगलाय. कव्हर ड्राइव्हला आपण डावं कोपर वर ठेवून बॅटचा फेस धरून ठेवतो, इथे तसं धरलं की फेस उघडाच राहतो. इथे हात वळू द्यायचे, बॉलनंतर उजवा हात डाव्याच्या वर आला पाहिजे.
बॉल डाव्या टाचेसमोर, टी (बॉल ठेवायची खुंटी) उंच, निम्मा बॉल ड्रायव्हरच्या वर दिसेल इतका, म्हणजे क्लब वर जाताना लागेल. क्लबहेडचा वेग ताशी १ मैल वाढला की अंदाजे अडीच यार्ड मिळतात, पण तेही मधोमध लागला तर. व्हाइटबोर्ड मार्करने बॉलवर ठसठशीत ठिपका काढ, तो फेसकडे ठेवून मार, क्लबवर छाप कुठे उमटते बघ. ९ डिग्री विक, १०.५ किंवा १२ घे, आपल्या वेगाला बॉल हवेतच राहत नाही.
वयाचं रडू नकोस, गोल्फर माइक ऑस्टिनने १९७४ ला लास वेगासला ५१५ यार्ड मारला तेव्हा ६४ चा होता, तोही लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने. (पाठीमागून वारा होता, ते सोड.) आणि काहीच नाही जमलं तर आमच्याकडे ये, इंदूर ५५० मीटर उंचावर, हवा विरळ, तीन-चार यार्ड फुकट!

तात्या_रावपुरा:
उंचीचं कौतुक सांगू नका हो इंदूरकर, १९४७ च्या रणजी फायनलला आमच्या हजारे-गुल महंमदनी तुमच्या होळकर टीमची ५७७ ची पार्टनरशिप करून धुलाई केली, ती बडोद्याच्याच हवेत.

सराफ्याचा_गण्या:
😂 घ्या, काढलंच ते.

मांजलपूरचा_मोरू:
दोन आठवडे झाले, रिपोर्ट देतो. खुर्चीची टेस्ट, उजवीकडे ठीक, डावीकडे ३० सुद्धा नाही, ताई. मार्करची छाप दहापैकी सात वेळा टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, ते बघून लाजच वाटली. काल तात्यांच्या पद्धतीने फक्त डाव्या पायाचा विचार करत मारले, आठ फुकट गेले, एक टॉप झाला (बॉलच्या डोक्यावरच लागला), आणि एक, जो मी मारलाय असं वाटलंच नाही, हाताला काही जाणवलंच नाही, तो सरळ २१५! काकांनी काही न बोलता चष्मा पुसला. मजा पडली.
ड्रायव्हर विकायला काढलाय, कोणाला ९ डिग्री हवा असेल तर सांगा. आणि तात्या, तो सण्ण आवाज अजून खांद्यापाशीच येतोय, रविवारी येऊन एकदा बघाल का?